तासाभरात संपला म्हणून पैसे परत?

आज सकाळी आमच्या भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मावसभावाने स्क्रीनशॉट टाकला. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून एक हॉरर गेम घेतला, तासाभरात शेवटपर्यंत खेळला आणि लगेच रिफंड टाकला. पैसे परत आले. खाली लिहिलंय, 'फुकटात झाला.' त्यावर सगळ्यांचे अंगठे. एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दिवसभर काम करताना डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून आता लिहायला बसलोय. लांब होईल, पण वाचा.

नियम माहीत आहे मला. विकत घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि गेम २ तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर स्टीम पैसे परत देतं. हा नियम चांगलाच आहे. गेम कॉम्प्युटरवर चालला नाही, अडकायला लागला, सांगितलं एक आणि निघालं भलतंच, तर गिऱ्हाईक बुडू नये म्हणून तो आहे. पण भडंगाचा अख्खा पुडा संपवायचा आणि रिकामी पिशवी दुकानदारापुढे ठेवून पैसे मागायचे, हे सांगलीत कोणी करेल का? दुकानदार काय बोलेल ते इथे लिहिता येणार नाही. मग पडद्यामागच्या माणसाशीच असं का वागायचं? तो दिसत नाही म्हणून?

२०२१ मध्ये एमिका गेम्स या नावाने काम करणाऱ्या डेव्हलपरने 'समर ऑफ फिफ्टी-एट' हा छोटा हॉरर गेम काढला. लोकांना आवडला, अभिप्राय चांगले आले, आणि तरीही रिफंड इतके झाले की त्याने जाहीर केलं, आता गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवतोय. कारण एकच, गेम २ तासांच्या आत संपत होता. आवडला म्हणून सांगायचं आणि पैसे काढून घ्यायचे. तुम्हा मंडळींना हे चूक आहे हे वेगळं सांगायला नको, पण आपल्याच घरातली पोरं हे करतायत.

भावाने परत केलेला गेम होता आयर्न लंग. डेव्हिड शिमान्स्की नावाच्या माणसाने तो २०२२ मध्ये काढला. तुम्ही एक कैदी. एका लहानशा पाणबुडीत घालून दार बाहेरून वेल्डिंगने बंद केलेलं, आणि तुम्हाला सोडलंय रक्ताच्या समुद्रात. खिडकी आहे, पण ती झाकलेली. हातात नकाशा, समोर आकडे, आणि मागच्या बाजूला एक बटण. ते दाबलं की बाहेरचा एक दाणेदार, धूसर फोटो येतो. तेवढंच बाहेरचं जग. बाकी सगळे आवाज. पत्रा कुरकुरतो, काहीतरी घासून जातं, आणि तुम्ही आकडे बघत बसता.

यात 'काही दिसतच नाही' अशी भावाची तक्रार होती. अरे, तोच तर गेम आहे!

आता मी २०१९ च्या ऑगस्टवर येतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही गावभागातल्या घरात वरच्या मजल्यावर अडकलेलो. लाइट नाही, मोबाइल मेलेले. बाबांनी जिन्यातल्या भिंतीवर खडूने रेघ मारली होती आणि पाणी रेघेला लागलं का ते बघायला रात्री मी बॅटरी घेऊन खाली उतरलो. ज्या जिन्यावरून लहानपणापासून धावत उतरलोय, तो जिना. बॅटरीचा झोत पडेल तेवढीच पायरी दिसायची. आणि खालून, काळ्या पाण्यातून, काहीतरी दाराला हळू हळू आपटत होतं. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. वरून आजीने विचारलं, "खाली कोण आलंय रे?"

त्या एका प्रश्नाने माझे पाय जागीच थिजले. रिकामा सिलिंडर असेल, पाट असेल, शेजारच्यांचं काहीतरी वाहून आलं असेल. पूर ओसरल्यावर घरात सगळंच इकडचं तिकडे झालेलं, त्यामुळे ते काय होतं हे कधी कळलंच नाही.

आणि याच पुराचं ड्रोनमधून काढलेलं चित्रण टीव्हीवर अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. स्वच्छ, वरून, सगळी सांगली एका चौकटीत. पाहून वाईट वाटलं, पोटात तुटलं, पण भीती? भीती जिन्यात होती. कोट्यवधी खर्चून केलेले हॉरर गेम मला त्या ड्रोनसारखे वाटतात. राक्षसाच्या दातावरची लाळसुद्धा चकाकते. सगळं दाखवून टाकल्यावर माझ्या मनाने काय करायचं?

आता लोक विचारतात, आयर्न लंगसारखे २०२० नंतरचे गेम मुद्दाम सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशन या गेमयंत्रावरच्या गेमसारखे दिसायला ओबडधोबड कशाला करायचे? त्याचं उत्तर त्या यंत्रातच आहे. ते १९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलं, मुख्य मेमरी अवघी २ एमबी. आकृत्यांचे कोपरे त्याला पूर्ण आकड्यांतच मांडता यायचे, अपूर्णांक जमायचा नाही. त्यामुळे कॅमेरा जरा सरकला की कोपरे एका पिक्सेलवरून दुसऱ्यावर टुणकन जायचे, भिंती थरथरायच्या. शिवाय भिंतीवरचं चित्र ताणताना ते यंत्र जवळ-लांबचा हिशोब करायचं नाही, म्हणून जवळ गेलं की फरशीच्या रेघा वाकायच्या. १९९९ च्या सायलेंट हिल या हॉरर गेममधलं गाजलेलं धुकंही लांबचा देखावा काढणं यंत्राला झेपत नव्हतं ते झाकायला कामी आलं. तेव्हा हा नाइलाज होता. आज हाताशी ताकदवान साधनं असताना हे गेम बनवणारी पोरं तो थरथराट निवडून, मेहनतीने परत आणतात. सरळ भिंत जेव्हा सरळ राहत नाही, तेव्हा डोळ्यांवरचा भरवसा उडतो, आणि पुढचं सगळं आपलं मन करतं.

मी ते पाहिलंय. जिन्यात बॅटरीचा उजेड पाण्यावर पडून भिंतीवर उमटत होता आणि आमची ती भिंत, जिच्यावर माझी उंची मोजल्याच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, ती डोळ्यांदेखत हलत होती. समजत होतं की पाण्याची हालचाल आहे. समजून उपयोग काय?

किटी हॉररशो या नावाने गेम करणाऱ्या व्यक्तीचा २०१६ चा अ‍ॅनाटॉमी खेळलात का? नसेल तर आधी तो खेळा. एक अंधारं, रिकामं घर. खोल्यांतून कॅसेटी गोळा करायच्या आणि टेपवर ऐकायच्या. टेपवरचा आवाज घराच्या खोल्यांची माणसाच्या अवयवांशी सांगड घालत जातो. मग गेम स्वतःहून बंद पडतो. तुम्ही परत उघडता, आणि घर आता मघाचं राहिलेलं नसतं. कोणी अंगावर धावून येत नाही. फक्त आपलं वाटणारं घर आपलं उरत नाही. पूर ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या स्वयंपाकघराच्या दारात आजी उभी होती, आत पाऊल टाकत नव्हती. तेव्हा मला तिचं वागणं कळलं नव्हतं. हा गेम खेळल्यावर कळलं. लोक म्हणतात गेममध्ये काय अर्थ असतो. मी आणखी काय सांगू?

स्वीडनच्या राँग ऑर्गन या छोट्या स्टुडिओचा २०२४ मधला माउथवॉशिंग घ्या. अंतराळातलं मालवाहू जहाज, पाच माणसं, आणि मध्येच निरोप येतो की कंपनी बंद होतेय, तुमच्या नोकऱ्या गेल्या. ज्या मालापायी जीव टांगणीला लागलाय तो माल म्हणजे नुसत्या माउथवॉशच्या बाटल्या. कुपवाडच्या एमआयडीसीत घरातलं कोणी कामाला होतं त्यांना ही भीती समजावून द्यायला नको. आणि त्या जहाजावर एकच बाई आहे, अ‍ॅन्या. ती कॅप्टनपाशी झोपायच्या खोल्यांना कुलूप नसल्याचं बोलते. साधं वाक्य. गेम त्यावर थांबत नाही, पुढे जातो. मला मात्र त्यानंतर नीट खेळता आलं नाही. यात भूत नाही. जबाबदारी टाळणारा एक माणूस आहे आणि त्याला सांभाळून घेणारा दुसरा. असे आपण सगळ्यांनी पाहिलेत. दोन-तीन तासांत संपतो हा. वीस तासांचा केला असता तर ते वाक्य कुठेतरी बुडून गेलं असतं.

कारण भीती टिकत नाही हो. माणूस कशालाही सरावतो. पुराच्या पुढच्या रात्री आम्ही त्याच जिन्याच्या तोंडाशी मेणबत्ती लावून पत्ते खेळत होतो, आणि खालचं ठक ठक चालूच होतं. कोणी मान वळवून बघत नव्हतं. लांबलचक हॉरर गेमचं हेच होतं. दहाव्या तासाला राक्षस आला की आपण फक्त गोळ्या मोजतो. तासाभराचा गेम सरावायच्या आत सोडून देतो, म्हणून तो अंगात राहतो.

बरं, यात कचराही पुष्कळ आहे, हे मान्य. जुन्या कॅसेटसारख्या रेघा चढवायच्या आणि कानात किंचाळायचं, एवढ्यावर भागवणारेही आहेत. आणि भाऊ शिकतोय, त्याच्या खिशात शे-दोनशेही मोठे, हेही ठीक. पण मग सेलची वाट बघ. इच (itch.io) या छोट्या गेमच्या साइटवर कितीतरी असे गेम फुकट आहेत किंवा जमेल तेवढे द्या म्हणतात, ते खेळ. संपवून पैसे मागू नकोस.

आपण तर विष्णुदास भाव्यांच्या गावचे. १८४३ मध्ये मराठी रंगभूमी इथे उभी राहिली हे शाळेपासून ऐकतोय. आपली पोरं एकांकिका स्पर्धांसाठी रात्र रात्र तालमी करतात. पाऊण तासाची एकांकिका बघून, पडदा पडल्यावर तिकीट खिडकीवर जाऊन 'लवकर संपली, पैसे द्या' असं म्हणणाऱ्याला आपण प्रेक्षक म्हणू का? एकांकिका तीन अंकांची नाही म्हणून ती कमी, असं आपल्या गावात कोणी म्हणत नाही. मग इथेच घड्याळ का लावायचं?

हे लिहीत असताना भावाचा वेगळा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला. 'दादा, त्यातला तो शेवटच्या आधीचा फोटो, त्यात नक्की काय होतं?' सकाळी संपवलेला गेम, आणि संध्याकाळी हा प्रश्न. राग होता तो बराचसा उतरला माझा. सांगितलं नाही मी त्याला. फोन लावला आणि तासभर आम्ही त्यावरच बोललो. 'परत घेईन' म्हणाला, आपणहून. बघू.

शनिवारी रात्री जेवून विश्रामबागला माझ्याकडे या, ज्यांना जमेल त्यांनी. अ‍ॅनाटॉमी लावणार आहे. एकाने खेळायचा, बाकीच्यांनी गप्प बसायचं, मोबाइल बाहेरच्या खोलीत. भावालाही बोलावलंय. खेळून झाल्यावर ज्याला जमेल त्याने गेमच्या पानावर जाऊन थोडे पैसे द्यायचे, तेवढी तयारी ठेवून या.