चार वर्षांची डिग्री, पाच वर्षांत

परवा एका लग्नात लांबचे काका भेटले. हातात जिलेबीची प्लेट, आणि तोंड उघडल्या उघडल्या, "काय रे, तुमचं इंजिनिअरिंग हल्ली पाच वर्षांचं झालं का?" पंगतीतले सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगायला गेलो असतो तर ताटं उचलेपर्यंत बोलत बसलो असतो.

तर ऐका. माझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता. सेकंड इयरचा विषय, तिसऱ्या वर्षापर्यंत एटीकेटीवर, म्हणजे नापास विषय घेऊन पुढच्या वर्गात जायच्या सवलतीवर, ओढला. चूक माझीच, मान्य. पण फायनल इयरला ॲडमिशन हवी असेल तर सेकंड इयर ऑल क्लिअर लागतं. मे महिन्यात पेपर दिला. चांगला गेला होता. निकाल जुलैच्या शेवटी, 80 पैकी 27. पासिंग 32. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली, पैसे भरून अर्थातच. बघतो तर सहाव्या प्रश्नाची साडेतीन पानं कोरी करकरीत. म्हणजे मी लिहिलेली आहेत, पण तपासणाऱ्याची लाल शाई त्यावर टेकलेलीच नाही! रिव्हॅलला, म्हणजे फेरतपासणीला टाकला, परत पैसे. ऑगस्टमध्ये ॲडमिशन बंद. स्टुडंट सेक्शनच्या खिडकीवर मॅडम म्हणाल्या, "रिव्हॅलचा निकाल आणा, मग बघू." रिव्हॅलचा निकाल आला डिसेंबरात. 41. पास! अभिनंदन! वर्ष गेलं!

माफी सोडा, "सॉरी बाळा" इतकंही कुणी म्हणालं नाही. सरळ वायडी, इयर डाउन. वडिलांनी अख्खं वर्ष शेजाऱ्यांना सांगितलं, पोरगा इंटर्नशिप करतोय.

आणि हेच विद्यापीठ, बरं का, परीक्षेच्या फॉर्मला मला एक दिवस उशीर झाला तर लेट फी घेतं. आणखी चार दिवस गेले की सुपर लेट फी. म्हणजे उशिराची किंमत यांना नीट कळते. फक्त ती आपल्याकडून वसूल करायची असते.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 काढून वाचा. निकाल 30 दिवसांत, फार तर 45. नाही लागला तर? तर उशिराची कारणं लिहून कुलपतींना, म्हणजे राज्यपालांना, अहवाल पाठवायचा. अहवाल! आमचं वर्ष जातं आणि यांना निबंध लिहायचा असतो. हा कायदा मार्च 2017 मध्ये लागू झाला आणि त्याच उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या. निकाल रखडले, राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही टळली. पोरांच्या मास्टर्सच्या ॲडमिशन लटकल्या. ऑक्टोबरात कुलगुरूंना घरी पाठवलं, एवढं मात्र झालं. माझं विद्यापीठ ते नव्हे, पण अशा कहाण्या सांगणारी पोरं कुठल्याही कट्ट्यावर दोन-चार सापडतील.

आता म्हणे नव्या शैक्षणिक धोरणात बीए, बीकॉमही चार वर्षांचं करता येणार. वा! आधी तीनची तरी तीनात द्या. विषय सुटला की क्रेडिट, ती साठवायला क्रेडिटची बँक, सगळं झकास. पण सहाव्या प्रश्नाचं पान उलटायला माणूस लागतो, त्याचं काय?

इंटरव्ह्यूत एचआरवाली रेझ्युमेवर पेन ठेवून विचारते, "हा एक वर्षाचा गॅप?" पहिल्या दोन ठिकाणी खरं सांगितलं. चेहऱ्यावरूनच कळलं की तिला वाटतंय, नापास पोरं असंच बोलतात. तेव्हापासून "घरच्या अडचणी" म्हणून मोकळा होतो. ती फोटोकॉपी मात्र फाइलमध्ये ठेवलीय. साडेतीन पानं. अजून तशीच, बिनतपासलेली.