निनाद, शिफ्ट-जिस म्हणजे ढिसाळपणा नव्हे

निनाद, एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आभार, आणि 'जपानचं उगाच कौतुक' हा टोमणाही पोचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की शिफ्ट-जिस, म्हणजे जपानी अक्षरांना संगणकात आकडे नेमून द्यायची जुनी पद्धत, हे ढिसाळ काम होतं, शेजारी ईयूसीसारखं स्वच्छ एन्कोडिंग (अशीच दुसरी पद्धत) असताना ते वापरलं, १९९१ला सगळ्या भाषांना एकच तक्ता देणारं युनिकोड आल्यावरही सोडलं नाही, आणि युनिकोडने चिनी-जपानी अक्षरं एकाच नंबरखाली एकत्र केली म्हणून जी ओरड झाली ती निव्वळ अहंकारातून. यातलं 'ढिसाळ' मला अजिबात मान्य नाही.

तुमचा राग ९२ या आकड्यावर आहे ना? ९२ हा बॅकस्लॅशचा नंबर, पण जपानी मानकात त्या जागी येनचं चिन्ह आहे, म्हणून तर जपानी विंडोजमधे फोल्डरच्या पत्त्यात मधेमधे येन दिसतात. शिफ्ट-जिसमधे बरीचशी अक्षरं दोन बाइटची, म्हणजे ० ते २५५ मधल्या दोन आकड्यांची, आणि हा आकडा दुसऱ्या बाइटमधे येऊ शकतो. काताकाना या जपानी लिपीतला 'सो' साठवला जातो १३१, ९२ असा, आणि तक्त्याला जो 'ह्यो' म्हणतात ती कांजी (चिनीतून आलेलं अक्षर) १४९, ९२. म्हणजे 'सोफुतो', अहो सॉफ्टवेअरच, त्याचं पहिलंच अक्षर सी कंपायलरच्या घशात अडकणार, कारण सी भाषेत बॅकस्लॅश पुढच्या अक्षराचा अर्थ बदलतो. त्रास खराच होता, लोक अशा अक्षरानंतर एक जादा बॅकस्लॅश टाकून वेळ मारून न्यायचे.

पण जरा हिशोब करा. १९६९च्या मानकात अर्ध्या रुंदीचा काताकाना एकेका बाइटमधे, १६१ ते २२३ या जागा अडवून आधीच बसला होता. मग १९७८ला कांजीचा तक्ता आला, ९४ ओळी, प्रत्येकीत ९४ घरं, म्हणजे ८८३६ जागा. जुनं एकही अक्षर न हलवता हे सगळं घुसवायचं म्हणून पहिल्या बाइटसाठी १२९ ते १५९ आणि २२४ ते २३९ असे ४७ आकडे घेतले, तक्त्याच्या दोन-दोन ओळी एकेका आकड्याखाली सरकवल्या, तर दुसऱ्या बाइटला लागतात १८८ आकडे. ४७ गुणिले १८८ करून बघा, बरोब्बर ८८३६! आता १८८ आकडे १२८च्या वर मावणार कुठून, खाली उतरावंच लागतं, आणि ६४ पासून चढत गेलं की वाटेत ९२ आलाच. ईयूसी स्वच्छ दिसतं कारण तिथे तोच अर्धा काताकाना दोन बाइट खातो. युनिक्सवाल्यांना ते चाललं, पण स्क्रीनवरचं एक घर म्हणजे एक बाइट असं धरून लिहिलेले पीसीवरचे प्रोग्राम त्यात मोडले असते.

युनिकोडचं म्हणाल तर १९९१च्या पहिल्या खंडात कांजी नव्हत्याच, त्या १९९२ला आल्या. शिवाय यूटीएफ-८ मधे, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, जपानी 'आ'ला तीन बाइट, शिफ्ट-जिसमधे दोन, आणि तेव्हा डिस्क काय फुकट मिळत नव्हती.

अहंकाराचं मात्र अर्धं पटतं, कारण जपानच्या स्वतःच्या मानकातही थोड्या वेगळ्या वळणाची अक्षरं एकाच नंबरखाली येतातच. पण 'सरळ' अर्थाची कांजी घ्या, जपानीत डावीकडून रेघ खाली येऊन काटकोनात वळते, चिनी फॉन्टमधे खाली नुसती आडवी रेघ, नंबर एकच. आपल्याला हिंदी वळणाचा ल नि श मराठी मजकुरात दिसला की कपाळावर आठी पडतेच ना? तिथेही नंबर एकच आहे, बदलतो तो फॉन्ट, आणि उपायही तोच, पानाला भाषेचा टॅग लावायचा.

बाकी तुमची ती गोलातले आकडे असलेली सीएसव्ही फाइल उघडत नाही, त्याचं. पायथनमधे शिफ्ट-जिस म्हणून उघडताय म्हणून एरर येतोय, गोलातले आकडे मूळ तक्त्यात नाहीतच, ती नंतरची भर आहे. सीपी९३२, म्हणजे ती भर धरून असलेली मायक्रोसॉफ्टची शिफ्ट-जिस, म्हणून उघडा, उघडेल.