गिफ्ट चिलापी, जयंती रोहू आणि ‘जनुक बदललेल्या माशां’चा फॉरवर्ड

मत्स्यबीज घ्यायचे दिवस आले की शेततळेवाल्यांच्या गटांत एक मजकूर हमखास फिरतो. आशय असा: गिफ्ट तिलापिया (म्हणजे चिलापी) आणि जयंती रोहू हे जीएम, म्हणजे जनुक बदललेले मासे आहेत, त्यांच्या अंगात ‘डीएनए मार्कर’ घातलेले असतात, ते नदीत गेले तर अनर्थ होईल, त्यापेक्षा जवळच्या हॅचरीचं साधं बीज शुद्ध.

‘हे जीएम मासे आहेत.’ नाहीत. गैरसमज गिफ्टच्या नावातून आला असावा, कारण त्याचं पूर्ण रूप ‘जेनेटिकली इम्प्रूव्ह्ड फार्म्ड तिलापिया’ आहे. काम १९८८ मध्ये फिलिपिन्सला सुरू झालं. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधले जंगली नाईल तिलापिया आणि आशियात पाळले जाणारे चार वाण एकत्र आणले, त्यांचे संकर केले आणि पिढीमागून पिढी जोमाने वाढणारे मासे निवडले. जयंतीचंही तसंच. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या ‘सीफा’ या गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रेतले रोहू आणि स्थानिक तलावातले रोहू घेऊन निवड पद्धतीने तो घडवला. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, तो बाहेर आला म्हणून नाव जयंती. परका जनुक घातलेला मासा कसा असतो ते पाहायचं तर अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झालेला सालमन पाहा. तो अटलांटिक सालमन, पण त्यात चिनूक सालमनच्या वाढीच्या संप्रेरकाचा जनुक टाकलेला. भारतात असा एकही मासा खाण्यासाठी मंजूर नाही.

‘मार्कर घातलेले असतात.’ मार्कर म्हणजे डीएनएमधली ओळखखूण. ती कुणी घालत नाही, माशात जन्मतःच असते. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कुणात १२ वेळा, कुणात १७ वेळा. याला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. पराचा चिमूटभर तुकडा कापून ही संख्या मोजतात. पिल्लाकडे १२ आणि १७ आहे, आईकडे १२ आणि १५, तर १७ बापाकडून आलं. ज्या नरात १७ नाही तो बाद. अशा दहा-पंधरा जागा तपासल्या की बहुतेक वेळा एकच जोडी उरते. सातबारा वाचल्याने जमीन बदलत नाही, तसा यात मासाही बदलत नाही.

अंगात घालतात ती चिप वेगळी. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची ती नळी प्रजनक मासे ओळखण्यासाठी असते. मत्स्यजिऱ्यात, म्हणजे नुकत्या जन्मलेल्या इवल्या पिल्लांत, ती बसणारच नाही. म्हणून पूर्वी प्रत्येक कुटुंबाची पिल्लं मोठी होईपर्यंत वेगळ्या हाप्यात (जाळीच्या कप्प्यात) ठेवावी लागत. मग एखाद्या हाप्यातलं पाणी बरं असलं की तेच कुटुंब सरस दिसायचं, आणि श्रेय रक्ताचं की पाण्याचं ते कळायचं नाही. मार्करमुळे सगळी पिल्लं पहिल्यापासून एकाच तळ्यात सोडून मागाहून आईबाप शोधता येतात.

‘जवळच्या हॅचरीचं बीज शुद्ध.’ माझ्या मते अख्ख्या मजकुरातलं हे सगळ्यात घातक वाक्य. रोहूची एक मादी लाखांनी अंडी देते, त्यामुळे मूठभर माशांवर हंगाम निघतो. हिशोब करा: २ नर आणि २० माद्या. नर-माद्यांचा गुणाकार चौपट करून त्यांच्या बेरजेने भागला की प्रभावी संख्या मिळते: १६० भागिले २२, म्हणजे जेमतेम ७. बावीस मासे, पण वारशाच्या दृष्टीने सातच! अंतर्प्रजनन, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास, पिढीला सुमारे ७ टक्क्यांनी वाढतं. त्याच पिल्लांतून पुढचे प्रजनक ठेवले की वाढ खुंटते, व्यंगं दिसू लागतात, आणि दोष खाद्याला दिला जातो.

शिवाय रोहू, कटला, मृगळ एकाच गोल टाकीत सोडले की संकर होतात, ते पुढे प्रजननही करतात, आणि जिऱ्याच्या अवस्थेत डोळ्यांना काहीच कळत नाही. इथे मार्कर लागतात. फक्त मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए पाहून भागत नाही, कारण तो आईकडूनच येतो आणि रोहू मादीचं संकरित पिल्लू त्यात शुद्ध रोहू दिसतं. आईबाप दोघांकडून येणारे, पेशीच्या केंद्रकातले मार्करही तपासावे लागतात.

‘नदीत गेले तर अनर्थ.’ इथे अर्धं खरं आहे. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला आणि धरणाधरणांत पसरला. उजनीतली चिलापी सगळ्यांना ठाऊक आहे. त्यासाठी जनुक बदलावा लागला नाही. परका मासा निसटणं हाच धोका, म्हणून परवाना, जाळ्या आणि एकलिंगी (सगळे नर असलेलं) बीज यांच्या अटी असतात. एकलिंगी बीजासाठी पिल्लांना संप्रेरकयुक्त खाद्य देतात. त्यावर जरूर प्रश्न विचारा, पण त्यानेही जनुक बदलत नाहीत.

मार्करही सर्वज्ञ नाहीत. प्रजनकच एकमेकांचे सख्खे भाऊबहीण असले तर आईबाप ठरवताना घोळ होतो, आणि तपासणी स्वस्त नाही. ती स्वस्त होईपर्यंत बीज घेताना हॅचरीवाल्याला तीन गोष्टी विचारा: नर किती, माद्या किती, आणि बाहेरचे प्रजनक शेवटचे कधी आणले?