सही घेतली म्हणजे सांगून झालं, असं नाही

नमस्कार,

नव्या कामगारांना काम कसं समजावून सांगावं यावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. इतकी वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे दाब देऊन सुटे भाग बनवणाऱ्या मशीनच्या विभागात, काढलेल्या माणसाचं म्हणणं दोन ओळींत उडवून लावणं बरोबर नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तुमची तक्रार थोडक्यात अशी : नव्या पोरांचे फार लाड चालले आहेत. पहिल्या दिवशी इंडक्शनमध्ये, म्हणजे नव्यांच्या माहितीसत्रात, सगळं सांगतात, फॉर्मवर सही घेतात. तरीही समजलं नसेल तर त्याने तोंड उघडून विचारावं. ‘आम्हाला कोण शिकवायला आलं होतं?’

तुम्हालाही कोणीतरी शिकवलंच असणार. जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली हेल्पर म्हणून राबताना डाय (आकार देणारा साचा) कशी बसवायची, प्रेसचा आवाज बदलला की हात कधी मागे घ्यायचा, हे तुम्ही बघत बघत शिकलात. आज चाकणला ट्रेनी सोमवारी रुजू होतो आणि बहुतेक वेळा त्याच आठवड्यात लाईनवर उभा राहतो. मधला हेल्परकीचा काळच उरलेला नाही. ती उणीव कोणीतरी त्याच्याशी बोलूनच भरून काढायला हवी.

आता ‘विचारावं’ याबद्दल. लातूर-नांदेडकडून आयटीआय करून आलेला, कंत्राटदारामार्फत लागलेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. खोलीभर नवी मुलं बसलेली, पुढे सेफ्टी ऑफिसर स्लाइडवर स्लाइड दाखवतोय, शेवटी ‘समजलं का?’ आणि एका सुरात ‘हो सर!’ त्या खोलीत हात वर करून ‘नाही समजलं’ म्हणणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. तसं म्हटलं तर आपण ढ ठरू, कंत्राटदाराच्या कानावर जाईल, उद्या गेटवरूनच परत पाठवतील, ही धास्ती त्या ‘हो’मागे असते. म्हणून मी लेखात म्हटलं होतं की ‘समजलं का?’ विचारणं बंद करा. ‘आता तू करून दाखव, आणि करताना काय करतोयस ते मला सांग,’ असं म्हणा. कुठे अडलंय ते लगेच कळतं.

हे आजकालचं फॅड नाही. अमेरिकेत १९४० साली युद्धाच्या तयारीत कारखाने नवख्या माणसांनी भरायला लागले, तेव्हा फोरमनसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या : माणसाची भीड मोडा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. महायुद्धानंतर जपानी कारखान्यांनीही ती पद्धत उचलली. तिचं सूत्र होतं, शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. तुम्ही-आम्ही नेमकं उलटं धरून बसलो आहोत.

तुमच्याच शॉपमधलं उदाहरण घेऊ. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात त्यांच्यावर असल्याशिवाय स्ट्रोक (प्रेसचा दाब) खाली येऊ नये, म्हणजे हात डायमध्ये राहणारच नाहीत. इंडक्शनमध्ये हे सांगतात. लाईनवर गेल्यावर मुलाला दिसतं की शेजारच्या जुन्या ऑपरेटरने एका बटणात लाकडाची खुंटी ठोकली आहे, कारण एका हाताने नग पटापट निघतात. मुलगा स्लाइड विसरतो, खुंटी शिकतो. बोटं जातात ती अशी. त्याला पहिल्याच दिवशी, मशीनसमोर उभं करून सांगायला हवं : अशी खुंटी दिसली तर कोणाला सांगायचं, आणि सांगितल्याबद्दल तुला कोणी काही म्हणणार नाही. हे सेफ्टी ऑफिसरपेक्षा लाईनच्या सुपरवायझरने सांगितलं तरच तो विश्वास ठेवील.

सही चौकशीच्या वेळी कंपनीच्या कामी येते, हे मान्य. पण भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात १११-अ कलम घातलं गेलं ते सहीसाठी नव्हे. सुरक्षेची माहिती मिळणं हा कामगाराचा हक्क ठरला.

पगाराचंही तसंच. फेब्रुवारीत व्यवसाय कर दोनशेऐवजी ३०० रुपये कापला जातो, पीएफचा यूएएन, म्हणजे सदस्याचा क्रमांक, नोकरी बदलली तरी तोच राहतो, या गोष्टी रुजू होण्याच्या दिवशी कागदांच्या गठ्ठ्यात सांगून काही उपयोग नाही. पहिली पगारस्लिप हातात पडेल तेव्हा दहा मिनिटं बसून दाखवा.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे : सुपरवायझरला वेळ कुठे आहे? टार्गेट तेच ठेवून वर ‘नव्यांना सांभाळा’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. नवा माणूस आला की त्या लाईनचं टार्गेट आठवडाभर कमी करा, ही मागणी व्यवस्थापनाकडे आम्ही एचआरवाल्यांनी करायला हवी, आणि तुमच्यासारख्या जुन्या माणसांनी तिला जोर द्यायला हवा. प्रेसच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा कसा, हे मला कुठल्याही स्लाइडवर मांडता येणार नाही. ते तुम्हीच मशीनपाशी उभं राहून त्या मुलाला सांगू शकता.