टॉमी जॉनचा डावा हात

सकाळपासून एकच व्हिडिओ फिरतोय. अमेरिकेत म्हणे बेसबॉल खेळणाऱ्या पोरांचे आईबाप कोपराला काहीही झालेलं नसताना 'टॉमी जॉन सर्जरी' करून घेतात, कारण नंतर चेंडू जास्त वेगाने जातो. आणि खाली आपलीच मंडळी लिहितायत, 'भारी! आपल्याकडे कधी?' डोकं फिरलं.

ज्याच्या नावाने हे खपवताय तो टॉमी जॉन डावखुरा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. १७ जुलै १९७४ ला लॉस एंजेलिस डॉजर्स संघाकडून खेळत होता. मोसमात १३ विजय, ३ पराभव. ऐन बहरात असताना कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडं बांधणारा पट्टा, तुटलं. तोवर हे लिगामेंट गेलं की पिचर संपला, एवढंच ठाऊक होतं. डॉ. फ्रँक जोब यांनी सप्टेंबरमध्ये ऑपरेशन केलं, आणि परत खेळण्याची शक्यता सांगितली शंभरात एक. वेग वाढवायला गेला नव्हता तो माणूस!

करतात काय ते तरी बघा. अंगठा करंगळीला टेकवून मनगट आत वळवा. मधोमध जी शीर उभी राहते ते पामारिस लाँगस नावाचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. जॉनच्या उजव्या हातातून तेच काढलं. काहींना ते जन्मतःच नसतं, मग मांडीतलं घेतात. कोपराच्या वरच्या-खालच्या हाडांना भोकं पाडून त्यातून हे टेंडन आठाच्या आकड्यासारखं ओवतात. पण ओवलं म्हणजे झालं नाही. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरून त्याचं लिगामेंट व्हायला महिनोन्‌महिने लागतात. साधारण चार-पाच महिन्यांनी चेंडू हातात देतात, तोही ४५ फुटांवरून हळूच, मग ६०, ९०, १२०. माउंडवरून, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावरून, पूर्ण जोर त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. सामन्यात उतरायला १२ ते १८ महिने. घात होतो तो मधेच. दुखणं थांबलेलं असतं, हात हलका वाटतो, पोरगं जोर लावतं आणि नवं टेंडनही जातं.

जॉनचंही सरळ झालं नाही. नस दाबली जाऊन बोटं आखडली, डिसेंबरमध्ये परत ऑपरेशन. १९७५ चा अख्खा मोसम गेला. १९७६ ला परतला तेव्हा १० विजय, १० पराभव. १९७७ ला मात्र २० विजय. मग थेट १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. एकूण २८८ विजय, त्यातले १६४ ऑपरेशननंतरचे. आणि हा वेगाचा पिचर नव्हताच. सिंकर, म्हणजे शेवटी खाली बुडणारा चेंडू टाकायचा, फलंदाजाला जमिनीलगत मारायला लावायचा. त्याच्या चिकाटीबद्दल मला अपार आदर आहे, म्हणूनच राग येतोय.

काहींचा वेग नंतर वाढलेला दिसतो, मान्य. पण आधी फाटक्या लिगामेंटवर खेळत होते, आणि मग वर्षभर पाय, पाठ, खांदा यांचा रीतसर व्यायाम झाला. तो व्यायाम कोपर न कापताही होतो.

लिगामेंट जातं ते थकव्याने. चेंडू फेकताना हात मागे झुकतो, तेव्हा कोपराची आतली बाजू ताणली जाते. तो ताण कोपर ते मनगट या भागातले स्नायू वाटून घेतात. ते थकले की सगळा भार लिगामेंटवर. म्हणून तिकडे 'पिच स्मार्ट' नियमावली आहे. दिवसाला ९-१० वर्षांच्या मुलाला ७५ चेंडू, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. चौदापर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस पिचिंग बंद. वर्षातून चार महिने फेकणंच नाही.

आणि सचिनच्या टेनिस एल्बोशी याची गल्लत करू नका. ते दुखणं कोपराच्या बाहेरच्या बाजूचं, हे आतल्या.

बेसबॉलमधला ओहतानी बघा, पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा. २०१८ ला एकदा, २०२३ ला परत कोपराचं ऑपरेशन. २०२४ चा अख्खा मोसम त्याने एकही चेंडू पिच केला नाही, फक्त बॅटिंग केली. जून २०२५ मध्ये माउंडवर आला तेव्हा पहिल्या दिवशी एकच इनिंग (सामन्यातल्या नऊ डावांपैकी एक) टाकली. जगातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूंपैकी एक हा, त्याला कुणी घाई केली नाही. आणि तुमच्या बारा वर्षांच्या पोराला घाई आहे?

व्हिडिओ पुढे पाठवलेल्यांनी तो कृपया काढून टाका.