चोवीस इंची

"मॅडम, आप चौबीस इंच में आ रहे हो." असं त्या पोराने मला भर दुकानात सांगितलं, आणि सांगताना हसला पण नाही, तेच जास्त लागलं. हसला असता तर भांडता तरी आलं असतं. त्याच्या मागच्या खांबावर लहान मुलांच्या सायकलींचा तक्ता चिकटवला होता, १२० ते १३५ सेंटीमीटरला वीस इंची चाक, १३५ ते १५० ला चोवीस इंची, वय वर्षं ९ ते १२. माझी उंची १४९, वय विचारू नका. आणि मी सायकल मागितलीच नव्हती! सायकल आहे माझ्याकडे. मी मागत होते सायकलवर घालायच्या विंटर टाइट्स, बायकांच्या, पॅडवाल्या आणि माझ्या घोट्यापाशी संपतील अशा. त्यावर याने मला खांबाला उभं करून मोजलं आणि "किड्स सेक्शन फर्स्ट फ्लोर" म्हणून मोकळा झाला.

आता तुम्ही विचारणारच की मुंबईत कसल्या विंटर टाइट्स. सगळ्यांनी विचारून झालंय. नवऱ्याने विचारलं, सासूबाईंनी विचारलं, सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, आणि तो वॉचमन स्वतः जानेवारीत माकडटोपी घालून बसलेला असतो, बाहेर वीस डिग्री असताना. मान्य आहे, मुंबईची थंडी म्हणजे पंखा पाचावरून तीनवर आणायचा इतकीच. सांताक्रूझचा विक्रम ७.४ अंशांचा, तो २२ जानेवारी १९६२ चा, त्याच्यावरच आपण अजून जगतोय. पण आमचा सायकलचा ग्रुप मुंबईत थांबत नाही ना. थंडी पडली की यांना बीआरएम सुचतात, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्स, तीनशे किलोमीटर वीस तासांत, म्हणजे रात्रभर चालवणं आलंच, आणि रात्री कसारा घाट, इगतपुरी, नाशिक. घाट चढताना माणूस घामाने भिजतो आणि उतार लागला की तोच घाम अंगावर बर्फ होतो. त्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पारा दहाच्या खाली जातो, द्राक्षं वाचवायला लोक बागांत शेकोट्या पेटवतात, आणि आम्ही तिथून उघड्या गुडघ्यांनी जायचं. गुडघा गार पडला की आधी कुरकुरतो आणि मग दोन दिवस जिना उतरू देत नाही. म्हणून टाइट्स.

तर दुःख असं आहे की हे कपडे बनवणाऱ्यांच्या मते बाई बुटकी असेल तर ती सगळीकडून बुटकी असते. एस घेतला की मांडीतच अडकतो, एम घेतला की मांडीत बरोबर आणि खाली घोट्यावर चुण्याच चुण्या. चुडीदाराला चुण्या शोभतात हो, पैसे मोजून घालून घेतो आपण, पण टाइट्सच्या चुण्या उजव्या पायाला चेनमध्ये जातात. आणि नुसत्या खालच्या लांबीचं असतं तर मी दुमडून घातल्या असत्या. या विंटरवाल्यांना गुडघ्याला आधीच वाक दिलेला असतो, वेगळे तुकडे जोडून, म्हणजे पेडल मारताना पाय वाकला की मागे कापड गोळा होऊ नये. तो वाक माझ्या नडगीवर येतो. मग गुडघ्याच्या मागे कापडाची वळी होते आणि मिनिटाला ८० पेडल म्हणजे तासाला ४,८०० वेळा ती वळी त्याच जागी घासते. वीस तासांचा हिशोब तुम्हीच करा, माझी हिंमत नाही. शिवाय कंबर ते मांडीच्या जोडापर्यंतची उंचीपण जास्त, त्यामुळे पॅड जिथे असायला पाहिजे तिथून चार बोटं खाली लोंबतं आणि उभं राहून पेडल मारून परत बसायला गेलं की सीटच्या टोकात अडकतं. आतून काही घालायचं नसतं हे ज्यांना माहितीये त्यांना यातली गंमत कळेल. बाकीच्यांनी पुढे वाचा.

असो. तर किड्स सेक्शनला मी गेले नाही. रागारागात एम साइझ घेऊन ट्रायल रूममध्ये घुसले, आणि बाहेर आरशासमोर आले तर समोर स्टुलावर एक आजोबा. नातवाला स्केट्स घ्यायला आले होते, नातू कुठेतरी फुटबॉल उडवत होता. आजोबांनी मला बघितलं, चेहरा नाही, पाय बघितले, आणि मी काही बोलायच्या आत उठून, वाकून, दोन बोटांच्या चिमटीत माझ्या घोट्यावरचं कापड धरलं.

"फलालीन?"

मी म्हटलं, "काय?"

"आतून रेझिंग केलेलंय." चिमूट सोडली नाहीच. "आम्ही काढायचो फलालीन. मिलमध्ये. फिनिशिंगला होतो मी."

मग मला आरशासमोर उभं ठेवून त्यांनी रेझिंग समजावलं. बारीक तारेच्या काट्यांचे रूळ असतात, ते गरागरा फिरतात, कापड त्यांच्यावरून जातं, काटे सुताला ओरबाडतात आणि लव उभी राहते. "ऊब कापडाची नसते बाय, लवेत हवा अडकते ना, तिची असते. जास्त ओरबाडलं की कापड मरतं, कमी ओरबाडलं की थंडी लागते." हे सांगताना हाताने रूळ फिरवून दाखवत होते. एक बाई योगा मॅट घेऊन चाललेली, ती पण थांबली. तिला वाटलं डेमो चालू आहे.

खरं सांगते, दुकानात शिरल्यापासून माझ्या प्रश्नाला गंभीरपणे घेणारा हा पहिला माणूस. पण गंभीरपणे म्हणजे किती! "फीर," म्हणाले. मी फिरले. का फिरले देव जाणे. "वाक." वाकले. "बघा ओ," हे योगा मॅटवाल्या बाईंना, "हिचा गुडघा इथे आणि कापडाचा गुडघा इथे. मधे काय गाव वसवायचंय?" बाईंनी पण वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हो की, माझंपण असंच होतं." म्हणजे आता आम्ही दोघी. तेवढ्यात आजोबांचं लक्ष पॅडकडे गेलं.

"आणि ही उशी कशाला?"

हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो आवाज लूमच्या खडखडाटात गप्पा मारून कमावलेला असणार, कारण पलीकडे क्रिकेटच्या बॅटी बघणारी पोरं गप्प झाली. मी म्हटलं, "सीट टोचू नये म्हणून." तर म्हणे, "मग जागेवर का नाही बसली?" हाच प्रश्न माझा होता, काका! तो मोजमापवाला पोरगा आला, कानापर्यंत लाल. "अंकल, वो ऐसा ही आता है." आजोबांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू हा बदली कामगार आहे आणि साहेबाने चुकून यांच्या खात्यात पाठवलाय. "ऐसा ही आता है? अरे ये सेकंड का माल है! हमारे टाइम पे ये फोल्डिंग में ही रिजेक्ट होता था. फेंट में, टुकड़ों के ढेर में जाता था. बुलाव मॅनेजर को." पोरगा म्हणाला मॅनेजर लंचला गेलेत. "लंच को गया. बराबर. इधर ही था मेरा खाता," स्टुलावर हात आपटून, "ये खोली है ना, इसके बराबर जगा पे."

हे मला खरं वाटत नाही, पण खोटंही म्हणवत नाही. लोअर परळचे मॉल गिरण्यांच्याच जागांवर उभे आहेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, मी तेव्हा जन्मलेही नव्हते, आणि आता त्याच आवारात मी बाहेरच्या देशातून आलेल्या कापडात पाय घालून उभी होते आणि ते कापड ओळखणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून स्टुलावर. नातू आला, म्हणाला "आबा चला ना", आणि आबा गेले. जाताना म्हणाले, "घेऊ नको. लांबी वाया घालवलीये साल्यांनी." मला हे वाक्य फ्रेम करून लावायचंय.

शिंप्याकडे जा म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते, जाऊन आले, दादरला. ते म्हणाले खालून कापतो. खाली झिप आहे, झिपच्या खाली रबराची पट्टी आहे, ती कापली तर राहिलं काय? आणि साध्या मशीनची टीप ताणणाऱ्या कापडावर मारली की पाय घालतानाच तटातट तुटते, त्याला ओव्हरलॉकचं मशीन लागतं, आणि ओव्हरलॉकची जाड शिवण आतून टोचते म्हणून तर या कपड्यांना सपाट शिवण असते. एवढं करून गुडघा नडगीवरच राहणार. शिंपी म्हणाले, "ताई, तुम्ही पंजाबी ड्रेसवर का नाही चालवत?"

मला खरी चीड कशाची येते सांगू का. भारतातल्या बाईची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. मी सरासरीपेक्षा तीन सेंटीमीटरने कमी, बस. म्हणजे मी काही नमुना नाही. लोकलच्या लेडीज डब्यात वरची कडी धरायला टाचा उंच करणाऱ्या जेवढ्या आहेत त्या सगळ्या माझ्या मापाच्या आहेत. आपल्या आज्या नऊवारी नेसायच्या, एकच लांबी, पाच फुटी बाई आणि साडेपाच फुटी बाई दोघींना बसायची, जास्तीचं निऱ्यांत जायचं, आणि त्यात शेतात लावणीही व्हायची. आणि इथे अॅपवर सहा हजारांच्या टाइट्सच्या साइझ चार्टमध्ये कंबर आहे, हिप्स आहे, पायाची लांबी हा कॉलमच नाही. पुरुषांच्या पॅंटला असतो हो! तीस-बत्तीस, तीस-चौतीस. त्यांचे पाय वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, आमचे सगळ्यांचे एका साच्यातून काढलेत.

शेवटी ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने तोडगा सांगितला. ती माझ्याहून बुटकी आहे आणि तिने सहाशे किलोमीटरची बीआरएम पूर्ण केलीये. म्हणाली, टाइट्सचा नाद सोड, नेहमीच्या पॅडवाल्या शॉर्ट्सखाली नी वॉर्मर चढव. नी वॉर्मर म्हणजे नुसती नळी, अर्ध्या मांडीपासून अर्ध्या पोटरीपर्यंत. उंच माणसांची अर्धी पोटरी. माझ्या पायात त्या घोट्याच्या दोन बोटं वर संपतात, वर मोजा घातला की काम झालं. आणि नळीला गुडघा कुठे असतो? म्हणजे असतो थोडा, पण ओढून जागेवर आणता येतो, जास्तीचं शॉर्ट्सखाली मांडीवर जातं, निऱ्यांसारखं. किमतीला टाइट्सच्या पावसुद्धा नाहीत. रंग फक्त काळा आणि पोपटी होता, काळा संपला होता.

दुकानाच्या आधी अॅपवरून मागवलेल्या एक टाइट्स मात्र अजून घरात पडल्यात. परत करायच्या तर कारण निवडावं लागतं. 'लहान झालं', 'मोठं झालं', 'रंग वेगळा', 'विचार बदलला'. मोठं नाही झालं, मांडीत तर लहानच आहे, लांब झालंय. लांब हे कारणच नाही. मी 'लहान झालं' आणि 'मोठं झालं' दोन्ही टिक करायला गेले तर एकच होतं. मग कस्टमर केअरला चॅटवर सगळं सविस्तर लिहिलं, मांडी, गुडघा, नडगी, पॅड, सगळं, आजोबांचं रेझिंगसुद्धा घातलं रागाच्या भरात. लगेच उत्तर आलं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया एक साइझ मोठी मागवून बघा.

पिकअपवाला उद्या येतोय म्हणे. काल पण उद्याच येणार होता.