देश बसून कसा खावा

तुमच्या देशाच्या पोटात काही मौल्यवान सापडलं असेल तर अभिनंदन! आता कारखाने, शाळा, कष्ट असल्या कटकटी सोडा आणि प्रशांत महासागरातल्या नाउरूचा कित्ता गिरवा. क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर, पण शिकवण भरपूर.

सुरुवात तुम्हाला करावी लागत नाही. सिडनीतल्या एका कचेरीत दार अडवायला नाउरूहून आणलेला एक दगड ठेवलेला असे. १९०० च्या सुमारास अल्बर्ट एलिस या गृहस्थांनी तो तपासला, तर निघालं उत्तम प्रतीचं फॉस्फेट. मग साठेक वर्षं साहेब लोकांनी बेट खणून जहाजांत भरलं आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांत खत म्हणून पसरलं, तेही बाजारभावापेक्षा स्वस्तात.

तुमची पाळी स्वातंत्र्यानंतर येते. नाउरू १९६८ मध्ये स्वतंत्र झालं, खाणी हाती आल्या आणि सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात ते जगातल्या श्रीमंतांच्या पंगतीला जाऊन बसलं. आयकर नाही, दवाखाना फुकट, खाणीत राबायला बाहेरची माणसं. हे जरूर करा. कर भरणारा माणूस हिशेब मागतो. भरलाच नाही, तर मागेल कोणत्या तोंडाने?

मात्र पैसा नुसता उडवू नका, लोक नावं ठेवतात. रीतसर निधी काढून उडवा. नाउरूने काढला होता, खाणी संपल्यावर पोराबाळांची सोय म्हणून. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभी राहिली. सरकारी विमान कंपनी निघाली, तिची विमानं बहुतेक रिकामीच उडायची. एका आर्थिक सल्लागाराच्या डोक्यात आलं म्हणून १९९३ मध्ये लंडनला लिओनार्दो दा विंचीच्या प्रेमावर संगीत नाटकही लावलं. आपटलं. (असा सल्लागार नशिबाने मिळतो, मिळाला तर सोडू नका.)

कुणी नॉर्वेचा दाखला देईलच. तेलाचा पैसा परदेशात गुंतवायचा आणि सरकारने वर्षाला साधारण तीन टक्केच वापरायचा! लग्नघरी येऊन उपास धरणारी माणसं ही. हसून सोडून द्या.

फॉस्फेट संपत आलं, इमारत २००४ मध्ये विकली, पुढच्याच वर्षी शेवटचं विमान सावकारांनी ओढून नेलं, तरी घाबरायचं कारण नाही. विकण्यासारखं बरंच उरतं. नाउरूने बँकांचे परवाने विकले. एकाच टपालपेटीच्या पत्त्यावर शेकडो बँका, आणि त्यांतून रशियाचा काळा पैसा खुशाल फिरत होता. २००१ पासून ऑस्ट्रेलियाला नकोसे झालेले निर्वासित ठेवून घेतले. मैत्रीचंही तसंच: २००२ मध्ये चीनशी, २००५ मध्ये तैवानशी, २०२४ मध्ये पुन्हा चीनशी.

राहता राहिली जमीन. बेटाचा सुमारे ८० टक्के भाग खणून झालाय. तिथे आता चुनखडीचे अणकुचीदार सुळके आणि मधे खड्डे. ना घर बांधता येत, ना नांगर धरता येत. लोक किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात आणि समुद्र वर चढतोय. म्हणून त्यांना त्याच खणलेल्या माळावर न्यायचं ठरलंय. माळ सपाट करायला पैसा हवा, तेव्हा २०२५ पासून नाउरूचं नागरिकत्व विक्रीला आहे, सुरुवातीचा भाव एकट्या अर्जदाराला किमान १,०५,००० अमेरिकी डॉलर. तुमचा देश तिथवर पोचला की भाव जरा चढाच लावा. गिऱ्हाईक घासाघीस करणारच.